टिळकवाडीतला स्पॅनिशचा क्लास, लाल पेनाने तपासलेला

आठ रविवार, दर रविवारी दोन तास, माणशी साडेचार हजार रुपये आणि बावीस पानांची झेरॉक्स. निपाणीहून सकाळी सातची बस धरायची, बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटजवळ एका घराच्या माडीवर बसायचं आणि दुपारच्या गाडीनं परत. स्पॅनिश बोलणाऱ्या देशात जाणाऱ्यांची तयारी करून घेणं हा त्या क्लासचा धंदा. आम्ही दोघांनी तो केला, मग ऑक्टोबरात सोळा दिवस स्पेन बघून आलो आणि आल्यावर त्या झेरॉक्सवर मी लाल पेन फिरवलं. तेहतीस वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलंय, हात राहत नाही.

गुण आधीच सांगून टाकते. पन्नासपैकी एकतीस. पास आहे, पण जिथं गुण गेलेत तिथं आमचे पैसेही गेलेत, म्हणून हे लिहायला बसले.

लेक स्पेनमधल्या ग्रॅनडात शिकते. टूर कंपनीबरोबर जायचं नाही, आपलं आपण फिरायचं, असं तिचं म्हणणं. आमचे हे निवृत्त कंडक्टर. "भाषा येत नसली तर सुटे पैसे मागता येतील एवढं तरी शिकून घेऊ," म्हणाले, म्हणून हा क्लास.

क्लास घेणारे सर पूर्वी सहा वर्षं मेक्सिकोत नोकरीला होते. माणूस उत्साही, शिकवायला गोड. पहिल्या रविवारी त्यांनी फळ्यावर शब्द लिहिले: पगार, बटाटा, साबण, चावी, तंबाखू, पाव. म्हणाले, हे सगळे पोर्तुगीजांच्या हातून आपल्याकडं आले आणि पोर्तुगीजची सख्खी बहीण म्हणजे स्पॅनिश. तिकडं 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणं. बटाटा 'पाताता', पाव 'पान', साबण 'हाबोन'. गोवा आमच्यापासून किती लांब? घाट उतरला की आलंच. वर्गातल्या नऊजणांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे आलं, ते मी पहिलीच्या पोरांच्या चेहऱ्यावर बघितलंय, जोडाक्षर पहिल्यांदा वाचता आल्यावर. त्या एका तासाचे मी दहापैकी दहा दिले.

उच्चारही छान घेतले. खरं तर आपल्याला सोपेच आहेत. त, द आपल्यासारखे दाताला जीभ लावून, स्वर पाचच, आणि ञ हे अक्षर आपण मुळाक्षरांत नुसतं पाठ करतो ते त्यांच्या रोजच्या वापरात आहे. 'एच' लिहितात आणि गिळून टाकतात, म्हणून होला नव्हे, ओला. दुकानात शिरताना आधी हे 'ओला' किंवा 'बुएनास' म्हणायचं, मग काय हवं ते विचारायचं. हे सरांनी पुन्हा पुन्हा बजावलं आणि ते सोळा आणे खरं निघालं. न बोलता वस्तूला हात लावणाऱ्या माणसाकडं दुकानदार ज्या नजरेनं बघतो, ती नजर मी माद्रिदला दोनदा पाहिली, दोन्ही वेळा दुसऱ्या कुणाकडं.

आता लाल पेन.

झेरॉक्समधलं निम्मं स्पेनचं नव्हतंच, मेक्सिकोचं होतं. स्पॅनिश राजभाषा असलेले विसेक देश आहेत. ते सगळे एका पिशवीत कोंबायचे म्हणजे बेळगाव, बिदर आणि म्हैसूर एकच समजण्यासारखं. पान ६: 'नळाचं पाणी पिऊ नका.' स्पेनमध्ये नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, माद्रिदचं तर गोडच लागलं. आम्ही पहिले दोन दिवस बाटल्या विकत घेत बसलो. पान ७: 'चपट्या पिनांचा अडॅप्टर घ्या.' मेक्सिकोत चपटी पिन आणि १२७ व्होल्ट. स्पेनमध्ये आपल्यासारखेच २३० व्होल्ट, पिना गोल, पण दोनच. आपल्या मोबाईलच्या दोन पिनांच्या चार्जरना तिथं अडॅप्टर लागलाच नाही. तीन जाड पिनांचा प्लग मात्र बसत नाही, म्हणून माझी वाफ घ्यायची किटली नुसती फिरून आली. गणपत गल्लीतून आणलेला साडेतीनशेचा अडॅप्टर अजून डब्यात आहे. कुणाला मेक्सिकोला जायचं असेल तर घेऊन जा.

'धन्यवाद'चंही तसंच. सरांनी शिकवलं 'ग्रासियास'. माद्रिदमध्ये सगळे जिभेचं टोक दातात धरून 'ग्राथियास' म्हणत होते. सेव्हिल, ग्रॅनडा या दक्षिणेकडच्या गावांत गेलो तर परत स, आणि शेवटचा स कधी खाल्लेला. चूक काहीच नाही, दोन्ही चालतं, पण आधी सांगितलं असतं तर यांनी पहिल्या दिवशी "ही माणसं तोतरी आहेत काय?" असं मोठ्यानं विचारलं नसतं. मराठीत विचारलं म्हणून बरं.

वर्गात खानापूरकडचं एक जोडपं पेरूला जाणार होतं. त्यांच्या बाबतीत जी गोष्ट राहून गेली ती मला सगळ्यात गंभीर वाटते. पेरू, कोलंबिया, एक्वादोर, बोलिव्हिया या देशांतून भारतात परत येताना पिवळ्या तापाची लस घेतल्याचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं. लस निदान दहा दिवस आधी घेतलेली हवी. नसेल तर आपल्याच विमानतळावरून उचलून सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही. स्पेनला जाणाऱ्याला ही भानगड नाही. त्या जोडप्याला हे लेकीच्या मैत्रिणीकडून कळलं, निघायच्या जेमतेम तीन आठवडे आधी. बावीस पानांत याची एक ओळ नव्हती. हॅट कुठली घ्यावी यावर मात्र अर्धं पान.

व्हिसाचं पानही कच्चं. मोजकं ठीक होतं: शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) फी ९० युरो, विमा किमान ३० हजार युरोचा, पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा, अर्ज सहा महिन्यांपेक्षा आधी नाही आणि पंधरा दिवसांपेक्षा उशिरा नाही. पण सर म्हणाले, "लेक तिथंच आहे ना? मग मुलीकडं राहणार असं लिहून द्या, हॉटेलचे पैसे वाचले." आम्ही तसं लिहिलंही होतं. लेकीनं फोनवर ऐकलं आणि ओरडलीच. स्पेनमध्ये कुणाच्या घरी पाहुणे म्हणून राहायचं तर त्या घरच्यानं पोलिसांकडून निमंत्रणपत्र काढून पाठवावं लागतं. 'कार्ता दे इन्व्हितासिओन' म्हणतात. त्याला घराचे कागद लागतात, वेळ लागतो, आणि चार पोरींच्या भाड्याच्या खोलीवर ते मिळणार कसं? शेवटी रद्द करता येणारी हॉटेलं घेतली. आमचा पत्ता कर्नाटकचा, म्हणून बोटांचे ठसे द्यायला बंगळूर. बेळगावातून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघालो, सकाळी तिथं, संध्याकाळी परतीच्या गाडीत.

खाण्याचं सांगते, कारण निम्म्या वाचकांना तेच हवं असतं.

मी शाकाहारी, अंडंही नाही. आमचे हे मात्र सगळं खातात. झेरॉक्समध्ये एकच वाक्य होतं: 'नो कोमो कार्ने', मी मांस खात नाही. हे वाक्य अपुरं आहे, आणि का ते ऐका. त्यांच्याकडं 'कार्ने' म्हटलं की डोळ्यांपुढं मटणाचा तुकडा येतो. डुकराचं वाळवलेलं मांस, 'हामोन', हे पुष्कळांच्या लेखी कार्नेत मोडतच नाही, ते मसाल्यासारखं कशातही पडतं. पालकाच्या भाजीत, वाटाण्यात, गार सूपवर भुरभुरून. आणि मासा तर वेगळंच खातं. माद्रिदला पहिल्या दुपारी मी 'एन्सालादा मिक्स्ता' मागवली. कोशिंबीरच ती, तिच्यात काय असणार? टोमॅटो, कांदा, पानं, आणि मधोमध ट्यूना माशाचा ढीग. ट्यूनाला ते म्हणतात 'आतून'. लेकीनं हे सांगितल्यावर हे टेबलावर हात आपटून हसले. "बरोबर आहे की, वरून भाजी, आतून मासा!" त्यानंतर सोळा दिवस मी एकच मंत्र म्हटला: सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून, सिन उएवो. 'सिन' म्हणजे शिवाय, विना. 'उएवो' म्हणजे अंडं. ही चार पदं पाठ करा, बाकी व्याकरण गेलं खड्ड्यात.

मला काय मिळालं? पावावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्हचं तेल, 'पान कोन तोमाते', हे रोज सकाळी. सेव्हिलला छोले घातलेला पालक, त्यात जिरं. डोळे मिटून खाल्लं तर घरचं वाटावं. तळलेल्या वांग्याच्या कापांवर उसाची काकवी. ही कल्पना मी निपाणीत करून बघितली, शेजारणी अजून रेसिपी मागतात. आणि पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या, नुसत्या तेलात परतून वर जाडं मीठ. बहुतेक गोड असतात, एखादी तिखट निघते, तीच त्यांची गंमत. शेजारच्या टेबलावरच्या तरुणाला एक लागली, बिचारा लाल झाला. मलाही तसलीच लागली असावी, पण संकेश्वरी मिरचीवर वाढलेल्या माणसाला ते काय कळणार? बटाट्याचं 'तोर्तिया' मात्र अंड्याचं असतं, आणि बटाट्यावरच्या पांढऱ्या लसणाच्या सॉसमध्येही अंडं असतं.

लसणावरून आठवलं. लसूण म्हणजे 'आहो'. दक्षिणेत तो ह आपल्यासारखाच हलका. ग्रॅनडात एका खानावळीत मी यांना हाक मारत होते, "अहो, अहो, ती पिशवी द्या." वेटर थांबला, "आहो?" म्हणून विचारलं, मी घाईत मान हलवली. पावाबरोबर वाटलेल्या लसणाची वाटी आली. चाळीस वर्षांच्या संसारात मी यांना हाक मारली आणि लगेच काही हातात आलं, असं पहिल्यांदा घडलं.

वेळेबद्दल सरांनी नीट सांगितलं होतं, त्याचे पूर्ण गुण. स्पेनचं घड्याळ १९४० पासून जर्मनीच्या वेळेवर चालतं, भूगोल बघाल तर तो देश लंडनच्या रांगेत आहे. त्यामुळं सूर्य उशिरा, जेवण उशिरा. दुपारचं दोनच्या पुढं, रात्रीचं नऊच्या पुढं. सात वाजता भूक लागली तर स्वयंपाकघर बंद असतं. कामाच्या दिवशी दुपारी 'मेनू देल दिया' घ्यायचा: दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, ठरल्या किमतीत. आम्हाला तेरा ते पंधरा युरोत पडला. छोटी दुकानं दुपारी दोन ते पाच बंद, रविवारी बहुतेक सगळीच. मधल्या वेळेला आम्ही घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी आणि चिरमुरे खाल्ले. तूप नेऊ नका. दूधदुभतं आणि मांस बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे. कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच, म्हणून लेकीसाठी घेतलेला एक किलो कुंदा मुंबईला नणंदेकडं ठेवला. लेक अजून बोलत नाही त्यावर.

आणि पान १४. त्यावर 'दवाखाना आणि औषधं' या मथळ्याखाली लिहिलं होतं: कोन्स्तिपादो, बद्धकोष्ठ.

सेव्हिलला पोहोचेपर्यंत पाव आणि चीज खाऊन यांची तीन दिवस गाडी अडलेली. हिरवा फुलीचा दिवा दिसला की औषधाचं दुकान, हे आठवत होतं. आत गेलो, 'बुएनास' म्हटलं, मी पान १४ उघडून यांच्याकडं बोट दाखवून ठणकावून सांगितलं, "कोन्स्तिपादो. त्रेस दियास." पोरगी चटपटीत होती. तिनं नाकात मारायचा फवारा काढला, चघळायच्या गोळ्या काढल्या, कागदी रुमालांचं पाकीट पुढं सरकवलं. हे नाही नाही म्हणत पोटावर हात फिरवायला लागले. तिनं नाकाकडं बोट केलं, यांनी पोटाकडं, तिनं परत नाकाकडं. मागं रांग लागलेली. शेवटी यांनी कंडक्टर थांब्यावर हात करून गाडी अडवतो तसा पंजा उभा केला आणि दुसऱ्या हातानं खाली दाखवलं. पोरगी ओठ दाबून म्हणाली, "आ! एस्त्रेनयीदो!" आणि पाण्यात घालायच्या पुड्या दिल्या. कोन्स्तिपादो म्हणजे सर्दी झालेला. इंग्रजीवरून अंदाजानं लिहिलं की असं होतं. या एका ओळीचे मी तीन गुण कापले.

गावांची वर्णनं करत बसत नाही, ती सगळीकडं मिळतात. एवढंच सांगते की ग्रॅनडाच्या अलहांब्रा या जुन्या किल्ल्या-राजवाड्याचं तिकीट 'तिथं गेल्यावर काढा' हा सरांचा सल्ला ऐकू नका. तिकिटं खूप आधी संपतात, पासपोर्टच्या नावावर असतात, आणि आतल्या नासरी महालात शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते, चुकली की चुकली. आमची लेकीनं आधी काढून ठेवली होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासानं मागं जातात. मोबाईल आपोआप बदलला, यांचं मनगटी घड्याळ बदललं नाही, आम्ही स्टेशनवर एक तास आधी जाऊन बसलो. कार्डानं पैसे देताना यंत्र रुपये की युरो विचारतं, युरोच दाबा, रुपये दाबले की दर त्यांच्या मर्जीचा.

बार्सिलोनात खिसेकापू आहेत हे झेरॉक्समध्ये होतं, कसे ते नव्हतं. मेट्रोतून बाहेर येताना एका सभ्य बाईनं यांच्या खांद्यावर काहीतरी सांडल्याचं दाखवलं आणि पुसायला रुमाल काढला. यल्लम्माच्या जत्रेच्या गाड्यांवर ड्युटी केलेला माणूस तो. डाग बघितलाच नाही, आधी दोन्ही हातांनी पोटावरची पिशवी धरली आणि मागं वळला. मागं तिचा जोडीदार उभा. "पुढं चला, पुढं चला," हे मराठीतच म्हणाले. ते गेले.

सेव्हिलमधली एक गोष्ट क्लासमध्ये नव्हती, कुठल्याच क्लासमध्ये नसेल. गावाच्या मध्यावर एक प्रचंड दगडी इमारत आहे, भोवती खंदक. आज ते विद्यापीठ. बांधली तेव्हा, अठराव्या शतकात, तो राजाचा तंबाखूचा कारखाना होता. पुढं एकोणिसाव्या शतकात तिथं हजारो बायका चिरूट वळायच्या, आणि सुटताना दारात त्यांची झडती व्हायची. हे लेक वाचून सांगत होती आणि मी त्या दाराशी उभी. माझी आई निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायची. पदर नाकावरून घट्ट बांधलेला, तरी रात्री खोकला. सुटताना मुकादमीण ओटी चाचपायची, आईनं हे सांगितलेलं मला पाठ आहे. पोरं-पोरी पुस्तकं घेऊन त्या दारातून ये-जा करत होती. हे म्हणाले, फोटो काढू या का. मी नको म्हटलं, मग परत जाऊन काढला.

आता शेवटचे गुण कापले ते नसलेल्या पानाचे, जे झेरॉक्समध्ये असायलाच हवं होतं. बार्सिलोनाला उतरलो तर पाटीवर पहिला शब्द 'सोर्तीदा', त्याखाली 'सालीदा'. दोन्हीचा अर्थ बाहेरचा रस्ता. वरची भाषा कॅटलान, त्या प्रांताची; खालची आपण शिकलो ती. दुकानात 'बोन दिया' म्हणतात, शाळा कॅटलानमधून, मेट्रोतल्या सूचना आधी कॅटलानमधून. १९७८ च्या त्यांच्या घटनेनं स्पॅनिशबरोबर आपापल्या प्रांतात दुसऱ्या भाषांनाही अधिकृत जागा दिलीय. बास्क, गालिसिया या प्रांतांत त्यांच्या वेगळ्या. स्पॅनिश बोललं तर सगळे नीट उत्तर देतात, त्रास काहीच नाही. फक्त कॅटलानला 'स्पॅनिशची बोली' म्हणू नका. मी एका फळवाल्या बाईला 'बोन दिया' म्हटलं तर तिनं दोन संत्री जास्तीची घातली. पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, हे बघत आम्ही लहानाचे मोठे झालोय. हे आम्हाला सांगायला नको, पण निदान तिथंही तसं आहे एवढं तरी सांगायचं.

परत आल्यावर तपासलेली झेरॉक्स मी सरांना नेऊन दिली. वाईट वाटून घेतलं नाही, उलट चहा पाजला. पान १४ त्यांनी माझ्यासमोर खोडलं. प्लग, पाणी, पिवळा ताप, निमंत्रणपत्र, सगळं नव्या प्रतीत घालतो म्हणाले, आणि पुढच्या बॅचच्या प्रतीत ते आलंही, मी बघितलंय. तेव्हा जायचं असेल तर आता जायला हरकत नाही. फी मात्र पाच हजार झालीय.

कॅटलानचं पान तेवढं त्यांनी घातलं नाही. "दोन भाषांच्या पाट्यांचं एवढं कोण विचारतंय हो, बाई?" म्हणाले. बेळगावात बसून.